कूलरची घरघर, मोबाईलचा खेळ आणि मुलांचे कान

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात एप्रिल लागला की घरोघरचे कूलर बाहेर निघतात. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला म्हणजे दुपारी बारा ते पाच या वेळात घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय उरत नाही. शाळांना सुट्ट्या असतात. मग एकाच खोलीत कूलर घरघरत असतो, टीव्हीवर मालिका सुरू असते, स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो, धाकटी भावंडे भांडत असतात आणि कोपऱ्यात गादीवर पडून थोरले चिरंजीव कानात इअरफोन खोचून मोबाईलवर लढाईचा खेळ खेळत असतात. आई तीनदा हाक मारते, त्यांना ऐकू जात नाही. चौथ्या हाकेला आईचा आवाज चढतो आणि घरातल्या गोंगाटात आणखी भर पडते.

मुलांनी मोबाईलवर किती खेळावे, त्याचा डोळ्यांवर, झोपेवर आणि अभ्यासावर काय परिणाम होतो, हा स्वतंत्र विषय आहे. आज फक्त कानांविषयी लिहितो. याचे कारण असे की, उन्हाळ्यात दवाखान्यात येणारे पालक आता एक नवाच प्रश्न विचारू लागले आहेत. "डॉक्टरसाहेब, खेळणे तर काही बंद होत नाही. निदान कानाला अपाय होणार नाही असा हेडफोन कोणता घ्यावा? आणि तो आमच्या खिशाला परवडणारा असावा."

प्रश्न अगदी व्यवहारी आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. ज्याचा आवाज सर्वांत मोठा तो हेडफोन चांगला नव्हे; जो बाहेरचा गोंगाट अडवतो आणि त्यामुळे कमी आवाजात भागते, तो चांगला. दुकानात मात्र बहुतेक जण नेमके याच्या उलट वागतात. "भाऊ, याचा आवाज किती मोठा आहे? बेस कसा आहे?" असे विचारून खरेदी होते. हे उलटे का आहे, ते समजून घेऊ.

गोंगाटात आवाज का वाढवावा लागतो?

मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो, हा आपल्या रोजच्या अनुभवातला नियम आहे. शेजारून ट्रक गेला की समोरच्याचे बोलणे तेवढ्यापुरते ऐकू येत नाही. कूलरचा पंखा, त्यातून सुटणारी हवा आणि पंपाचे पाणी या सर्वांचा मिळून एक सलग आवाज खोलीत भरून राहतो. मोठ्या लोखंडी कूलरजवळ बसलेल्या माणसाला साधे बोलणेही आवाज चढवूनच करावे लागते. कानात येणारे कोणतेही गाणे किंवा खेळाचा आवाज या घरघरीच्या वर काढायचा, तर बटण वाढवावेच लागते.

लढाईच्या खेळात आणखी एक गोम आहे. या खेळात शत्रू मागून येतो आहे की डावीकडून, हे त्याच्या पावलांच्या आवाजावरून ओळखायचे असते. पावलांचा आवाज मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. बंदुकीचा आणि स्फोटाचा आवाज मात्र त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. कूलरच्या घरघरीत बारीक पाऊल ऐकू यावे म्हणून मुलगा आवाज वाढवतो आणि पुढच्याच क्षणी त्याच वाढवलेल्या आवाजात गोळीबार त्याच्या कानावर आदळतो. मुलाला हवे होते पाऊल, कानाला मिळाला स्फोट. खरे नुकसान येथेच होते.

२०२४ साली 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात व्हिडिओ गेम आणि श्रवणशक्ती या विषयावरील १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ९ देशांतील ५० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. खेळणाऱ्यांच्या कानी पडणारा आवाज पुष्कळदा सुरक्षित मर्यादेच्या आसपास किंवा तिच्यावर असतो आणि खेळातले क्षणिक धमाके ११९ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात, असे त्यात नमूद आहे. त्यामुळे ही केवळ आईवडिलांची कुरकुर राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून गाणी ऐकण्याच्या उपकरणांसाठी २०१८ साली सुरक्षित ऐकण्याचे मानक जाहीर केले होते. २०२५ साली त्यांनी खास व्हिडिओ गेमसाठीही तसे मानक आणले आहे.

कानाच्या आत काय घडते?

आपला अंतर्कर्ण गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा असतो. त्यात द्रव भरलेला असतो आणि सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी रांगेने उभ्या असतात. आवाजाची लाट आली की धानाच्या बांधीतून वारा जावा तशा या पेशींवरील केसांच्या जुड्या लवतात आणि त्या हालचालीतून मेंदूकडे संदेश जातो. झुळूक असेल तर धान लवते आणि पुन्हा उभे राहते. वादळ झाले तर आडवे पडते. दोन-तीन तास मोठ्या आवाजात खेळून उठल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते किंवा 'कुंई' असा बारीक आवाज येत राहतो, तो आडव्या पडलेल्या धानाचाच प्रकार समजावा. रात्रभराच्या विश्रांतीने बहुतेकदा ते सुधारते. पण असे रोज घडू लागले तर काही पेशी कायमच्या मरतात.

पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. गेलेली केसपेशी औषधाने, शस्त्रक्रियेने किंवा तेलाने परत येत नाही.

प्रथम जाते ती तीव्र, बारीक स्वरांची जाण. त्यामुळे सुरुवातीला बहिरेपणा आल्याचे कळतच नाही. मनुष्य म्हणतो, "मला ऐकू येते, पण शब्द कळत नाही." 'पाच' म्हटले की 'पास', 'सात' की 'साठ', असा घोटाळा होऊ लागतो. वर्गात मागच्या बाकावरून शिक्षकांचे बोलणे सुटते. आपल्या भागातील कितीतरी तरुण पोलीस, सैन्य आणि रेल्वे भरतीसाठी पहाटे उठून मैदानावर घाम गाळतात. या नोकऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासले जातात. धावण्यात पहिला आलेला मुलगा कानाच्या तपासणीत अडकावा, यासारखे दुःख नाही.

किती आवाज, किती वेळ?

आवाज डेसिबल या एककात मोजतात. यातले गणित साध्या बेरजेचे नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. ८३ डेसिबल झाले की २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ ला जेमतेम अडीच तास. लक्षात घ्या, हे अडीच तास दिवसाचे नाहीत, पूर्ण आठवड्याचे आहेत. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खालची, म्हणजे ४० तासांना ७५ डेसिबल इतकी धरली आहे.

कानाचे खाते एकच असते. हेडफोनचा आवाज, लग्नातील डीजे, रात्रभर चाललेल्या झाडीपट्टीच्या नाटकात भोंग्याजवळ बसणे, पिठाच्या गिरणीत काम करणे, हे सर्व त्याच खात्यावर मांडले जाते. म्हणून काल रात्री वरातीत नाचून आलेल्या मुलाने आज तरी हेडफोन बाजूला ठेवावा.

खाणीतला मफ आणि घरातला हेडफोन

खुल्या खाणीत काम करणारे एक गृहस्थ आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलाच्या कानात रोज संध्याकाळी आवाज घुमत असे. मी वडिलांनाच विचारले, "तुम्ही कामावर कानाला काय लावता?"

"मफ लावतो साहेब."

"तो लावल्यावर शेजारच्याचे बोलणे ऐकू येते काय?"

"जरा मोठ्याने बोलला तर येते ना. डंपरची घरघर तेवढी खाली बसते."

मुलाला जे समजावायचे होते ते वडिलांनीच सांगून टाकले. आपल्या भागात कोळसा खाणी, ऊर्जानगरचे वीज केंद्र, घुग्घुस-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांवर हजारो कुटुंबे जगतात. कारखान्यात ९० डेसिबलचा आवाज आठ तासांपेक्षा जास्त नको, असा आपल्याकडचा नियम आहे आणि त्याहून मोठ्या आवाजात कानाला संरक्षण लागते, हे या घरांतील कर्त्या माणसाला ठाऊक असते. कानावर घट्ट बसणारी वाटी किंवा कानात बसणारे मऊ बूच, यापलीकडे त्या संरक्षणात काही जादू नाही. घरातल्या हेडफोनलाही नेमकी हीच कसोटी लावायची आहे. बाहेरची घरघर १५-२० डेसिबलने खाली बसली, तर खेळाचा आवाजही तितकाच खाली ठेवता येतो.

आधी खोली, मग हेडफोन

पैसे खर्च करण्यापूर्वी खोलीचा गोंगाट कमी करावा. याला फारसा खर्च येत नाही. कूलर शक्य असल्यास खिडकीबाहेर स्टँडवर बसवावा. त्याचे सैल झालेले नटबोल्ट आवळावेत, पंख्याच्या बेअरिंगला तेल द्यावे, पायांखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे ठेवावेत. थरथर कमी झाली की आवाजही कमी होतो. खेळणाऱ्याने कूलरच्या तोंडाशी न बसता दूरच्या भिंतीकडे बसावे. कोणी पाहत नसेल तर टीव्ही बंद करावा. घर आष्टी-आलापल्लीसारख्या ट्रकांच्या रस्त्यावर असेल, तर रस्त्याकडची खिडकी लावून जाड पडदा सोडावा. एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दुपारची झोप मिळते.

बाजारातले प्रकार

पहिला प्रकार कडक प्लास्टिकच्या चपट्या इअरफोनचा. पूर्वी मोबाईलच्या खोक्यात फुकट मिळत तो. तो कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो, आत बसत नाही. बाहेरचा आवाज तो जवळपास अडवतच नाही, म्हणून गोंगाटाच्या खोलीसाठी तो सर्वांत वाईट.

दुसरा प्रकार टोकाला मऊ रबर असलेल्या, कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनचा. रबर मापाचे असेल तर बुचासारखे बसते आणि बाहेरचा आवाज चांगलाच अडतो. वायरवाला साधा इअरफोन साधारण ३०० ते ६०० रुपयांत मिळतो. कमी पैशांत गोंगाट अडवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. सोबत लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापांची रबरे मिळतात. आपल्या कानाला कोणते बसते ते बघावे. दोन्ही कानांचे माप सारखेच असते असे नाही. मात्र एक ध्यानात ठेवावे. बंद नळीत थोडाही आवाज मोठा होतो, म्हणून हा इअरफोन घेतल्यावर आवाज आठवणीने कमी करावा. जुन्या इअरफोनवर जिथे बटण असायचे तिथेच ठेवले, तर फायद्याऐवजी तोटाच होईल.

तिसरा प्रकार कान पूर्ण झाकणाऱ्या, मागून बंद असलेल्या मोठ्या वाट्यांच्या हेडफोनचा. खाणीतल्या मफचा हा भाऊ. वायरवाला हेडफोन साधारण ८०० ते १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. वाटीची गादी कानाभोवती सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. चष्मा लावणाऱ्यांच्या बाबतीत काडीमुळे फट राहते आणि तेथून आवाज आत येतो. आपल्या उन्हात रेक्झिनच्या गाद्यांखाली कानाला घाम फुटतो आणि वर्ष-दोन वर्षांत रेक्झिनचे पापुद्रे निघतात. म्हणून कापडी आणि बदलता येणारी गादी मिळाल्यास ती घ्यावी. नुसते कानावर टेकणारे छोटे गोल हेडफोन या प्रकारात मोडत नाहीत. त्यांनी गोंगाट फारसा अडत नाही. जाळीदार पाठीचे महागडे हेडफोन शांत खोलीसाठी असतात. आपल्या कामाचे नाहीत.

चौथा प्रकार यंत्राने गोंगाट मारणारा. खोक्यावर 'एएनसी' अशी तीन अक्षरे असतात. यात बसवलेला छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलट लाट तयार करून त्याला विझवतो. कूलर, पंखा किंवा बस यांच्या सलग घरघरीवर हा उपाय चांगला चालतो. माणसांच्या बोलण्यावर आणि अचानक होणाऱ्या आवाजावर कमी. बरी वस्तू हवी असेल तर साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या पुढे जावे लागते. स्वस्तातली एएनसी बहुधा नावापुरती असते. बजेट कमी असेल तर यामागे न लागता नीट बसणारे रबर किंवा नीट बसणारी वाटी घ्यावी.

खोक्यावरची भाषा

'एएनसी' आणि 'ईएनसी' यांत गल्लत करू नये. ईएनसी म्हणजे आपण बोलतो तेव्हा पलीकडच्याला आपल्या खोलीचा गोंगाट कमी ऐकू जावा ही सोय. तिचा आपल्या कानाला काडीचा उपयोग नाही. "यात गोंगाट बंद होतो" असे सांगून विकली जाणारी वस्तू पुष्कळदा ईएनसीची निघते, म्हणून अक्षरे स्वतः वाचून घ्यावीत.

बिनवायरच्या इअरबडमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो. गाण्याला ते चालते; खेळात मात्र गोळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. वायरच्या हेडफोनमध्ये असा उशीर जवळजवळ नसतो, चार्जिंगही लागत नाही आणि किंमत कमी. म्हणून खेळासाठी, आणि तेही कमी बजेटमध्ये, वायरवालाच बरा.

आता कित्येक मोबाईलला गोल पिनचे छिद्र नसते. तशा वेळी टाइप-सी पिनचा इअरफोन किंवा जोडणारा छोटा कन्व्हर्टर घ्यावा. प्रत्येक कन्व्हर्टर प्रत्येक फोनला चालतोच असे नाही. दुकानात आपल्याच फोनला लावून बघावा. संगणकाच्या काही हेडफोनला आवाजाची एक आणि माईकची एक अशा दोन पिना असतात. त्या मोबाईलला चालणार नाहीत.

लाल-निळे दिवे, 'एक्स्ट्रा बेस', '७.१ सराउंड' यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. दिव्यांनी ऐकू येत नाही. जास्त बेसच्या धमधमाटात बारीक पाऊल उलट दबते. आवाज कोणत्या दिशेने आला हे कळायला डावा आणि उजवा असे दोन चांगले कर्णे पुरतात. म्हणूनच एकाच कानात इअरफोन घालून खेळण्याची सवयही वाईट. एका कानाने दिशा कळत नाही आणि तेवढेच ऐकू यायला आवाज जास्त लागतो.

दुकानात करावयाच्या तीन परीक्षा

गोल बाजारातल्या किंवा आपल्या गावच्या कोणत्याही गजबजलेल्या दुकानात या परीक्षा करता येतात. तिथला गोंगाट येथे आपल्या उपयोगीच पडतो.

१. काहीही न वाजवता हेडफोन नुसता कानाला लावावा. रस्त्याचा आवाज स्पष्टपणे खाली बसला पाहिजे. बसला नाही तर रबर किंवा वाटी मापाची नाही.

२. तोंड मिटून 'हूं' असा हुंकार द्यावा. कान नीट बंद झाले असतील तर स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही कानांत सारखा घुमला पाहिजे. इअरफोन बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढली की रबर नीट बसते.

३. पाच-दहा मिनिटे लावून ठेवावा. दुखला, टोचला किंवा फार आवळला तर घेऊ नये. दुखणारा हेडफोन मुले सैल करून लावतात आणि सैल झाला की गोंगाट आत शिरतो.

कानात घालायची वस्तू दहा जणांनी घालून पाहिलेली असते. निदान रबर तरी दुकानदाराकडून नवे मागून घ्यावे.

आवाज कुठे ठेवावा?

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एक काम करावे. पहाटे किंवा रात्री, कूलर व टीव्ही बंद असताना खेळ सुरू करावा आणि पावले जेमतेम स्पष्ट ऐकू येतील इतकाच आवाज ठेवावा. तो आकडा लिहून ठेवावा. ही आपली खूण. दुपारच्या गोंगाटात या खुणेपेक्षा एक-दोन घर वाढवावे लागले तर हरकत नाही. त्याहून जास्त लागत असेल तर हेडफोन नीट बसलेला नाही किंवा खोली फार गोंगाटाची आहे, असे समजून त्यावर उपाय करावा. बटण पुढे ढकलू नये. कोणत्याही परिस्थितीत पूर्ण आवाजाच्या ६० टक्क्यांवर जाऊ नये.

खेळाच्या सेटिंगमध्ये पार्श्वसंगीत बंद करावे आणि सोबत्यांच्या बोलण्याचा आवाज कमी करावा. पावले आपोआप उठून येतात. काही फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून तिला कुलूप घालण्याची सोय असते. ती पालकांनी वापरावी. तासभर खेळून झाले की दहा मिनिटे हेडफोन काढून कानाला हवा लागू द्यावी. आईने साध्या आवाजात मारलेली हाक त्या दहा मिनिटांत ऐकू येते की नाही, हीच घरगुती तपासणी!

घाम, मळ आणि कान वाहणे

उन्हाळ्याचा घाम आणि पावसाळ्याची दमट हवा यांमुळे बंद कानात बुरशी चटकन वाढते. कानाला खाज सुटते, कान दुखतो, आत ओलसर वाटते. इअरफोनची रबरे दर आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत आणि पूर्ण कोरडी करूनच लावावीत. आंघोळीनंतर कान कोरडे झाल्याशिवाय इअरफोन घालू नये. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत एकच इअरफोन चार मित्र फिरवतात. रबरे तरी प्रत्येकाची वेगळी असावीत.

ज्यांचा कान वाहतो किंवा पडद्याला छिद्र आहे त्यांनी कानात बसणारा इअरफोन मुळीच वापरू नये. काडी, पिन, किल्ली घालून मळ काढू नये. मळ आणखी आत जातो आणि पडदा फाटण्याची भीती असते. कोमट तेल ओतण्याची जुनी रीतही सोडावी. वाहत्या कानात तेल म्हणजे जंतूंना मेजवानीच.

घराबाहेर कान उघडेच हवेत

गोंगाट अडवणारा हेडफोन हा फक्त घरात बसून वापरण्याचा. रस्त्यावर, गाडी चालवताना आणि रेल्वे फाटकावर तो जिवावर बेततो. आपल्या दोन जिल्ह्यांत याला आणखी एक कारण आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, आरमोरी या पट्ट्यात शेत आणि जंगल यांच्यात फारसे अंतर नाही. वाघाचा वावर आहे. गडचिरोलीत २०२१ पासून रानटी हत्तीही आले आहेत. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, गुरे चारताना किंवा जंगलाच्या रस्त्याने शिकवणीला जाताना वाळलेल्या पानांची सळसळ आणि वानराचा इशारा ऐकू आला पाहिजे. अशा वेळी एका कानातही इअरफोन नको.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

खेळून उठल्यावर कानातला आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला, टीव्हीचा आवाज इतरांपेक्षा मोठा लागू लागला, गर्दीत बोलणे कळेनासे झाले किंवा मूल वारंवार "काय?" असे विचारू लागले, तर कान तपासून घ्यावा. ऑडिओमेट्री या तपासणीत टोचणे-कापणे काही नसते. कानाला हेडफोन लावून बारीक स्वर ऐकवतात आणि अर्ध्या तासात श्रवणशक्तीचा आलेख मिळतो. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय येथे कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत येतात. त्यांच्यासमोर मुलाच्या ऐकण्याची तक्रार जरूर मांडावी.

एका कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले तर मात्र वाट पाहू नये. मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडा घालवला तर उपचाराची वेळ निघून जाते. असा रुग्ण त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांपुढे गेला पाहिजे.

थोडक्यात सांगायचे तर, कूलर आवळा, टीव्ही बंद करा, नीट बसणारा वायरचा इअरफोन किंवा कान झाकणारा हेडफोन घ्या आणि शांत वेळी ठरवलेली आवाजाची खूण ओलांडू नका. पाचशे रुपयांची वस्तू नीट निवडली तर एवढे काम होते. कानात बसवायचे यंत्र त्याच्या कितीतरी पट महाग पडते आणि ते लावूनही निसर्गाने दिलेले ऐकणे काही परत येत नाही. या सुट्टीत मुलाला हेडफोन घेऊन देणार असाल, तर दुकानात त्याच्यासोबत आपणही जा आणि पैसे देण्याआधी तो एकदा स्वतःच्या कानाला लावून पाहा.